आडवा पडलेला मासा मेलेला असतोच असं नाही

भाच्याचा मासा मेला, तेव्हा तो खरंच मेलाय हे कळायला आम्हाला अख्खा दिवस लागला. सकाळी शाळेला जाताना भाच्याने पाहिलं होतं, टाकीच्या तळाला वाळूवर मासा आडवा पडलेला. अकरा वाजता झाडू मारताना ताईने पाहिलं. "नाटकं चालल्यात त्याची," म्हणाली आणि पुढच्या खोलीत गेली. संध्याकाळी मी सहज डोकावलो, तर माशाच्या डोळ्यावर दुधावर साय धरावी तसा पांढुरका पडदा आलेला. मग कुठे जाळी शोधली.

निष्काळजीपणा म्हणाल तर तसं नव्हतं. दोन वर्षं हा मासा आठवड्यातून दोन-तीनदा असाच मरत होता.

पहिल्यांदा मेला तेव्हा घरात केवढी धावपळ झाली होती. भाच्याचा फोन, "मामा, ये की लवकर. गेला बघ आपला गडी." मी सांगलीतल्या विश्रामबागेत, ताईच्या घरी पोचलो तेव्हा मासा डाव्या कुशीवर निपचित. एरवी त्याच्या पांढरट अंगावर तपकिरी डाग असायचे, ते त्या दिवशी जास्तच गडद आणि फाटके दिसत होते, कुजायला लागलेल्या माशासारखे. तेवढ्यात टाकीतला बोटभर पिवळा मासा त्याच्याजवळ आला. थांबला. मागे सरला. पुन्हा आला आणि मेलेल्याच्या पोटाजवळच्या पराला तोंड लावून बघितलं. भाचा जाळी पाण्यात घालणार, एवढ्यात वाळूचा लोट उठला. वाळू खाली बसली तेव्हा मेलेला मासा सरळ पोहत होता आणि पिवळ्या माशाच्या शेपटीचं टोक तेवढं त्याच्या तोंडाबाहेर राहिलं होतं. दुसऱ्या घोटाला तेही गेलं.

भाचा दहा वर्षांचा. रडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मामा, ह्यो तर पक्का सोंगाड्या निघाला."

दुकानदाराने 'मिक्स आफ्रिकन' म्हणून दोन-दोन इंचांची रंगीत पिल्लं एका पिशवीत बांधून दिली होती. त्यातलं एक पिल्लू उरलेल्यांना खाणार आहे, हे काही त्याने सांगितलं नाही. बहुधा त्यालाही माहीत नसावं. मग मी या माशाच्या मागे लागलो, आणि जे हाती आलं ते इथे मांडतोय. सांगली ही नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठीतलं पहिलं नाटक इथे उभं केलं. अशा गावात सोंग घेणाऱ्या माशाची चौकशी कुणी करायची नाही, तर मग करायची तरी कुठे?

त्याचं शास्त्रीय नाव निंबोक्रोमिस लिव्हिंग्स्टोनी. छंदाची माणसं नुसतं लिव्हिंग्स्टोनी म्हणतात. 'निंबस' म्हणजे लॅटिनमध्ये ढग, आणि अंगावरचे डाग आभाळ भरून आल्यासारखे दिसतात खरे. लिव्हिंग्स्टोनी हे डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशावरून. तो १८५९ साली ज्या सरोवराच्या काठावर पोचला, तेच या माशाचं घर: आफ्रिकेतलं मलावी सरोवर. तिथल्या चिचेवा भाषेत मात्र या माशाला कितीतरी नेमकं नाव आहे. 'कालिगोनो', म्हणजे झोपणारा. काठावरच्या कोळ्यांनी त्याला पडलेला पाहूनच ठेवलं असणार.

तो सिक्लिड कुळातला. हा शब्द परका वाटेल, पण कृष्णाकाठी राहणाऱ्या माणसाने या कुळातला मासा बहुधा खाल्लेला असतो. आपली चिलापी, पुस्तकी नाव तिलापिया, ही सिक्लिडच. मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणली आणि मग तलावा-धरणांतून नदीत पसरली. कोकणातलं कालुंदर हेही सिक्लिड, आणि ते अस्सल इथलं. केरळात त्याला करिमीन म्हणतात, २०१० साली त्यांनी त्याला राज्यमासा केलं. घरच्या घरी खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी चिलापी आणि रोहू शेजारी ठेवून थोबाड बघा. रोहूला डोळ्याच्या पुढे दोन्हीकडे दोन-दोन नाकपुड्या दिसतील. चिलापीला एका बाजूला एकच. सिक्लिडांची ही खूण.

आता ते सरोवर. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या मध्ये जमीन ताणली जाऊन पडलेल्या भेगेत साठलेलं पाणी. लांबी साडेपाचशे किलोमीटरहून जास्त, म्हणजे सांगलीहून सरळ रेघ ओढली तर बंगळुरू गाठेल एवढी. क्षेत्रफळ साधारण २९,६०० चौरस किलोमीटर. सांगली, सातारा आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे त्यात सोडले तरी वर पाणी उरेल. खोली सुमारे ७०० मीटर. कोयना धरणाची भिंत १०३ मीटर उंच, तशा जवळजवळ सात भिंती एकावर एक रचल्या म्हणजे तळ ते पृष्ठभाग भरेल. अर्थात मासे असतात ते वरच्या थरात. दोन-अडीचशे मीटरच्या खाली प्राणवायूच नाही.

या वरच्या थरात सिक्लिडांच्या किती जाती असाव्यात? अंदाज आठशे ते हजार. मोजकेच पूर्वज, त्यांच्यापासून फुटलेल्या एवढ्या शाखा, आणि प्रत्येकीने पोट भरायची आपली वेगळी तऱ्हा शोधलेली. कुणी दगडावरचं शेवाळ खरवडतं, कुणी वाळू तोंडात घेऊन चाळतं, कुणी गोगलगाई फोडतं. गर्दीच्या बाजारात प्रत्येकाने आपला गाळा धरावा तसं. लिव्हिंग्स्टोनीने धरलेला गाळा म्हणजे मढ्याचा.

हे पाण्याखाली बसून नीट पाहिलं आणि शास्त्रीय नियतकालिकात मांडलं ते केनेथ मॅके यांनी, १९८१ साली. त्या वेळी या माशाचं शास्त्रीय नावही वेगळं होतं, हॅप्लोक्रोमिस लिव्हिंग्स्टोनी. निंबोक्रोमिस हा गट पुढे १९८९ मध्ये पाडला गेला. मॅके यांनी वर्णन केलेला प्रकार भाच्याच्या टाकीतल्यासारखाच. मासा तळावर कुशीला पडतो, अंगावरचे डाग गडद होतात, हालचाल बंद. लहान मासे मेलेला मासा समजून टोचायला येतात. एखादा तोंडाच्या टप्प्यात आला की पडल्या जागेवरून मान वळवल्यासारखा एका बाजूला झटका, आणि खेळ खलास. सगळी शिकार तो अशीच करतो असं मात्र समजू नका. एरवी दगडांच्या कडेने, पाणगवतातून हळूहळू फिरत दुसऱ्यांची पिल्लं टिपणं चालूच असतं. पण नाव झालं ते सोंगामुळे.

मला यातला शिकारी जितका रंजक वाटतो, त्याहून प्रेक्षक जास्त वाटतात. ते का फसतात?

एक तर मेलेला मासा म्हणजे आयतं जेवण. दिवसभर वाळू चाळून चार किडे मिळवणाऱ्या लहानग्याला समोर एवढा मोठा मांसाचा गोळा दिसला की तो जाणारच. दुसरं, मेलेला मासा कुठे सापडतो? आपल्या डोळ्यांसमोर येतो तो तरंगणारा, फुगलेला. नदीत मळी सोडली की पुलावरून तसे खच पडलेले सांगलीकरांनी पाहिलेत. पण माशाचा जीव गेल्यावर तो बहुतेकदा आधी खाली बसतो. आतून कुजून वायू धरला की मग वर येतो. म्हणजे तळावर पडलेला मासा हा ताजा मेलेला, सगळ्यात चवीचा. लिव्हिंग्स्टोनी सोंग घेतो ते याच टप्प्याचं.

तिसरी गोष्ट माझ्या लक्षात आली ती टाकीसमोर बसून. माशाला पापण्याच नाहीत. आपण झोपलेलं माणूस आणि मेलेलं माणूस यात गोंधळतो तेव्हा आधी डोळे बघतो. माशाच्या बाबतीत झोपलेला, जागा आणि मेलेला, तिघांचे डोळे उघडेच. ओळखायचं ते कल्ल्यांच्या उघडझापीवरून किंवा डोळ्यावर आलेल्या पडद्यावरून. पण पडदा यायला वेळ लागतो, आणि ताज्या मढ्याच्या डोळ्यावर तो नसतोच. कल्ले तेवढे मंद ठेवले की झालं.

शिवाय हा सगळा खेळ डोळ्यांचा आहे. मलावीचं पाणी इतकं नितळ की बऱ्याच ठिकाणी कित्येक मीटर लांबचं स्पष्ट दिसतं. तिथे डागांना किंमत आहे. आपल्या कृष्णेच्या पाण्यात, तेही पावसाळ्यात, हे नाटक कुणाला दिसणार? २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, चहासारखं लाल. त्यात कुठल्या माशाने कितीही सुंदर मरून दाखवलं असतं तरी बघायला कुणी आलं नसतं. गढूळ पाण्यातले शिकारी मासे मिशांनी चाचपतात, वासावर जातात. वासाचं सोंग घेणं वेगळं आणि अवघड.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सोंग चालायला खरा माल बाजारात असावा लागतो. सांगलीच्या बाजारात दर उन्हाळ्यात कर्नाटकचा आंबा रत्नागिरी हापूस म्हणून खपवला जातो. का खपतो? कारण बाजारात खरा हापूसही असतो आणि तो खाल्लेला जिभेला आठवतो. उद्या दहातल्या नऊ पेट्या नकली निघायला लागल्या तर गिऱ्हाईक हापूस हा शब्द ऐकूनच पुढे जाईल. तळ्याचंही तेच. आडव्या पडलेल्या शंभर माशांत पाच सोंगाडे असतील तर लहान माशाने जाऊन टोचणं फायद्याचं. पन्नास सोंगाडे झाले तर टोचायला जाणाऱ्यांचा वंशच खुंटेल, आणि आडवा मासा दिसला की लांब पळणारेच उरतील. त्यामुळे ही युक्ती कितीही चांगली असली तरी तळ्यातल्या प्रत्येक शिकाऱ्याने ती उचलून भागत नाही. ती थोड्यांनाच परवडते. जीवशास्त्रात याला संख्येवर अवलंबून असलेली निवड म्हणतात. आंबेवाल्याला ती कुणी शिकवावी लागत नाही.

याचं आणखी टोकाचं उदाहरण आफ्रिकेतल्याच टांगानिका सरोवरात आहे. तिथला पेरिसोडस नावाचा सिक्लिड दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. काहींचं तोंड डावीकडे वाकडं, काहींचं उजवीकडे. डावीकडे वाकडं तोंडवाला माशाच्या एका अंगाने हल्ला करतो, उजवीकडेवाला दुसऱ्या. मिचिओ होरी यांनी १९९३ मध्ये दाखवलं की कुठल्याही एका बाजूचे फार वाढले की गिऱ्हाइकं ती बाजू सांभाळायला लागतात, मग दुसऱ्या बाजूच्यांची चलती होते. म्हणून दोन्हींची संख्या निम्म्या-निम्म्याच्या आसपास मागेपुढे होत राहते.

आता झडप. वाळूचा लोट उठला आणि मासा गायब, यामध्ये नेमकं काय घडलं? लिव्हिंग्स्टोनी चावत नाही, ओढतो. होळीची पिचकारी बादलीत बुडवून दांडा मागे खेचला की पाणी आत धावतं, तसं. जबडा पुढे नळीसारखा सरकतो, त्याच क्षणी घसा आणि कल्ल्यांचे पडदे बाहेर फुगतात, तोंडात एकदम पोकळी तयार होते आणि समोरचं पाणी त्यातल्या माशासकट आत येतं. पाणी कल्ल्यांवाटे बाहेर, मासा आतच. अशा झडपेला सेकंदाचे काही शतांश पुरतात. डोळ्याचं पातं लवायच्या आत, हे आपण बोलताना म्हणतो; इथे ते मोजून खरं आहे. मी भाच्याच्या टाकीचा मोबाईलवर व्हिडिओ काढला, तर आधीच्या चित्रात मासा आहे, पुढच्या चित्रात नाही. मधलं काही नाहीच.

आत गेलेल्या माशाचं पुढे काय, तर सिक्लिडांच्या घशात आणखी एक जबडा असतो. चिलापी साफ करताना कल्ल्यांच्या मागे, घशाशी, खरखरीत दातांची त्रिकोणी हाडाची पट्टी लागते, ती तीच. खालची दोन हाडं जुळून एक झालेली, वर दोन तबकड्या, मध्ये घास. गुऱ्हाळात एकजण ऊस सारतो आणि आत चरक पिळतो, तशी ही वाटणी. पुढच्या जबड्याने पकडायचं, मागच्याने चिरडायचं. कारेल लीम यांनी १९७३ मध्ये असं मांडलं की याच वाटणीमुळे सिक्लिडांचं फावलं. चावण्याचं काम मागे गेलं, म्हणून पुढचं तोंड वाटेल तसं बदलायला मोकळं झालं. खरवडायचं, चाळायचं, ओढायचं, वाकडं व्हायचं. गोगलगाय खाणाऱ्यांच्या घशात दाढांसारखे बोथट दात, लिव्हिंग्स्टोनीसारख्यांच्या घशात टोकदार, आत वळलेले. आत गेलेलं शेपूट परत बाहेर येत नाही ते यामुळे.

लिव्हिंग्स्टोनीची भावंडंही बघण्यासारखी आहेत. निंबोक्रोमिस लिनी हा खडकाच्या कडेवर ओठ खाली लोंबते ठेवून पसरतो आणि फटीत लपलेलं पिल्लू बाहेर डोकावायची वाट बघतो, गल्लीच्या तोंडाशी वसुलीवाला उभा राहावा तसा. व्हेनस्टस, जो आपल्याकडे दुकानांत जिराफासारख्या ठिपक्यांमुळे पटकन विकला जातो, तो वाळूत अंग पुरून बसतो. एकाच घराण्यात तिघांच्या तीन तऱ्हा. तिघांच्याही अंगावर डाग, काम वेगळं.

दुसऱ्या खंडातही कुणीतरी हेच नाटक बसवलं आहे. मध्य अमेरिकेतला पाराक्रोमिस फ्रीडरिक्स्टाली हा शिकारी सिक्लिडही मेल्याचं सोंग घेतो, मिखाएल टोबलर यांनी २००५ मध्ये ते नोंदवलं. ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या समुद्रात एक हेकरूच्या जातीचा मासाही आजारी किंवा मेलेला असल्यासारखा पडून राहतो, तो तर सिक्लिड नव्हेच. एकाने दुसऱ्याचं बघून शिकण्याचा प्रश्नच नाही, मध्ये अख्खा अटलांटिक आहे. जिथे भुकेले लहान मासे आहेत, पडून राहायला तळ आहे, तिथे हे पुन्हा पुन्हा सुचतं.

सुचतं, हा शब्द मी चुकीचा वापरला. भाच्याने नेमकं हेच विचारलं होतं. "मामा, त्याला कळतं का, आपण फसवतोय म्हणून?" 

माझं उत्तर, नाही. किंवा, कळायची गरज नाही. तळाशी दबा धरून बसणारा एखादा पूर्वज थोडा कलून बसला असेल. थोडा कललेला सरळ बसलेल्यापेक्षा कमी भीतीदायक दिसला, एखादा लहान मासा जास्त जवळ आला, त्या दिवशी पोट जास्त भरलं. ज्याचं पोट भरलं त्याची पिल्लं जास्त. पिल्लांत काही आणखी कलणारी, काहींचे डाग आणखी फाटके. हजारो पिढ्या हे चाळणीतून जात राहिलं आणि शेवटी पूर्ण आडवा पडणारा मासा उरला. दिग्दर्शक कुणी नाही, तालीम कुणी घेतली नाही. प्रेक्षक ज्याला फसले तो टिकला, एवढंच. भाच्याला हे पटलं नाही. त्याच्या मते मासा डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असतो आणि मनात हसतो. दहाव्या वर्षी मलाही तसंच वाटलं असतं.

या माशाच्या तोंडाबद्दल अजून एक गोष्ट सांगायची राहिली, आणि मला विचाराल तर ती सोंगाहून मोठी आहे. ज्या तोंडाने तो दुसऱ्यांची पिल्लं ओढून घेतो, त्याच तोंडात मादी आपली पिल्लं वाढवते. अंडी घातली की लगेच ती तोंडात उचलून घेते. साधारण तीन आठवडे ती तिथेच राहतात: अंडी फुटतात, पिल्लं पोटाला चिकटलेल्या पिवळ्या बलकावर वाढतात, पोहण्याजोगी होतात. तोवर आई जवळजवळ काही खात नाही. हनुवटीखाली पिशवी लोंबल्यासारखी दिसते, अंग वाळतं. नदीवरच्या आपल्या भोयांना हे माहीत असतं. जाळ्यात चिलापीची मादी आली की तिच्या तोंडातून मोहरीएवढी पिल्लं भसाभसा होडीत सांडतात. चिलापीही तोंडातच पिल्लं सांभाळते. रोहू-कटला लाखांनी अंडी घालून मोकळे होतात. ही जात थोडीच घालते आणि एकेक जपते.

अंडी फळतात कशी, यातही एक सोंगच आहे. मादी अंडी इतक्या घाईने उचलते की नराला संधी मिळू नये. पण या घराण्यातल्या बऱ्याच नरांच्या मागच्या खालच्या परावर पिवळे-नारिंगी गोल ठिपके असतात, हुबेहूब अंड्यांसारखे. मादी ती खाली राहिलेली अंडी समजून तोंड लावते, नर त्याच क्षणी वीर्य सोडतो, आणि अंडी तिच्या तोंडातच फळतात. वोल्फगांग विक्लर यांनी १९६२ मध्ये ही कल्पना मांडली आणि ती वाचायला इतकी गोड आहे की मला तिच्यावर थोडा संशयच होता. पुढे काही जातींवर प्रयोग झाले, तर ठिपके नसलेल्या नरांचीही अंडी फळलेली दिसली. ठिपक्यांचा उपयोग दुसऱ्या नरांना दम भरायलाही होतो असं त्यांतून निघालं. तेव्हा विक्लर यांची गोष्ट प्रत्येक जातीत जशीच्या तशी लागू धरू नये.

पिल्लं बाहेर सोडल्यावरही काही दिवस आई जवळ असते. काही हललं की ती तोंड उघडते आणि ढग आत शिरावा तशी सगळी पिल्लं परत आत. तिला घाबरायचं कारण आहे. त्याच सरोवरात काही सिक्लिड असे आहेत की पिल्लं तोंडात असलेल्या मादीच्या थोबाडावर डोकं आपटतात. दणक्याने तिच्या तोंडातून जे सांडेल ते त्यांचं जेवण. पिल्लं खाणाऱ्याची पिल्लं खाणारे.

टाकीत हा मासा पाळायचा असेल तर दोन शब्द. तो २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे वीतभराहून मोठा. दोन इंचांचं पिल्लू बघून दीड फुटाची काचपेटी घेऊ नका. तोंडात मावेल असा कुठलाही मासा सोबत ठेवायचा नाही. गप्पी तर त्याला दाण्यांसारखे. तळाला वाळू हवी. पाण्याचा मात्र आपल्याकडे प्रश्न नाही. मलावीचं पाणी थोडं क्षारीच आहे, आणि आमच्या बोअरचं पाणी तर बादलीला पांढरा थर सोडतं. ज्या पाण्याने डाळ शिजत नाही म्हणून ताई वैतागते, त्यात हे मासे खुशीत असतात.

जुना मासा गेल्यावर भाच्याने हट्टाने दुसरा आणला, या वेळी नाव विचारून. सोबत तोंडात न मावणारे मोठे मासे, आणि जुन्या टाकीतले हुशारीने वाचलेले चार पिवळे. नवा मासा चार महिन्यांत आडवा पडायला लागला. पहिल्या दिवशी पिवळ्यांतला एक अर्ध्या वाटेपर्यंत गेला आणि परत फिरला. त्यानंतर एकही नाही. सरोवरात रोज नवं गिऱ्हाईक फिरकतं. भाव्यांची मंडळीही सांगलीत बसून राहिली नाही, गावोगाव हिंडली, १८५३ मध्ये मुंबईला गेली. चार फुटांच्या टाकीत तेच चार पिवळे आणि तोच एक खेळ.

परवा मी गेलो तेव्हा नवा मासा वाळूवर कुशीला पडला होता. डाग गडद, पर सैल, कल्ले जेमतेम हलणारे. काम चोख. चारही पिवळे फिल्टरच्या मागे कोपऱ्यात गोळा झाले होते. भाच्याने जाळीच्या दांड्याने काचेवर टकटक केलं. मासा हलला नाही. "बघतोय आपल्याकडं," भाचा म्हणाला, आणि डब्यातले चार दाणे वर टाकले. मासा उठून सरळ झाला आणि खायला वर आला.